झुरीची किंमत : 'रॉबिन्सन क्रूसो'मधून कोणता धडा घ्यायचा?

इंग्रजीच्या वर्गात एखादी जुनी साहसकथा शिकवायची झाली की तिच्यातून 'आजच्या जीवनासाठी धडे' काढून देण्याची एक रीत पडली आहे. डॅनियल डिफोची १७१९ साली प्रसिद्ध झालेली 'रॉबिन्सन क्रूसो' ही कादंबरी या रीतीला फार सोयीची पडते. जहाज फुटले, एकटा माणूस निर्जन बेटावर फेकला गेला, त्याने हिंमत सोडली नाही. घर बांधले, धान्य पिकवले, अठ्ठावीस वर्षे तग धरली आणि अखेर श्रीमंत होऊन मायदेशी परतला. फळ्यावर मुद्दे उतरतात : स्वावलंबन, वेळेचे नियोजन, सकारात्मक दृष्टी, संकटातली संधी. मुले ते वहीत उतरवून घेतात. परीक्षेला ते येतात आणि पुढे मुलाखतीतही उपयोगी पडतील, असे त्यांना सांगितले जाते.

ही रीत निरुपद्रवी नाही. हे धडे निघावेत म्हणून कादंबरीतली काही माणसे आधी बाहेर काढावी लागतात.

ही काटछाट जुनी आहे. रूसोने १७६२ साली 'एमिल' या शिक्षणविषयक ग्रंथात आपल्या कल्पित विद्यार्थ्याच्या हाती पहिले पुस्तक म्हणून 'रॉबिन्सन क्रूसो'च दिले. पण त्याची अट अशी की कथा जहाज फुटण्यापासून सुरू व्हावी आणि सुटकेचे जहाज येताच संपावी. बाकीचे त्याला फापटपसारा वाटले. त्याच वर्षी 'सामाजिक करार' लिहून माणसाच्या स्वातंत्र्याची मांडणी करणाऱ्या विचारवंताने ही कात्री लावावी, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण कात्रीखाली जी पाने जातात, त्यांतच गुलामगिरी आहे.

त्या पानांत काय आहे? क्रूसो स्वतः गुलाम होता. मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील साले बंदराच्या चाच्यांनी त्याला पकडले आणि सुमारे दोन वर्षे तो गुलामीत राहिला. तिथून तो होडी घेऊन पळाला तेव्हा बरोबर झुरी नावाचा पोरगा होता. अनोळखी किनाऱ्यावर पाणी आणायला उतरायचे, तर हा पोरगा म्हणतो की मी जातो. रानटी माणसे आली तर मला खातील, तुम्ही निसटा. पुढे एका पोर्तुगीज कप्तानाच्या जहाजाने दोघांना उचलले. कप्तानाने होडीचे ऐंशी आणि झुरीचे साठ स्पॅनिश रुपेरी तुकडे देऊ केले. क्रूसो थोडा घुटमळला. झुरी ख्रिस्ती झाला तर दहा वर्षांनी त्याला मोकळे करू, असे कप्तानाने सांगितले, झुरीनेही मान डोलावली, आणि व्यवहार झाला. कालपर्यंत स्वतः गुलाम असलेल्या माणसाने आपल्याबरोबर पळालेल्या पोराला विकले. होडीपेक्षा स्वस्तात विकले.

याहून बोलकी गोष्ट नंतर येते. ब्राझीलमध्ये मळा केल्यावर क्रूसोला वाटते की झुरीला दिले हे आपले चुकलेच. का? तर मळ्यावर हात कमी पडत होते म्हणून! जहाज ज्या सफरीत फुटले, ती सफरही गुलाम आणण्याचीच होती. १६५९ साली ब्राझीलच्या मळेवाल्यांसाठी गिनीच्या किनाऱ्यावरून चोरून माणसे आणायला तो निघाला होता. पुढे बेटावर त्याला या सफरीचाही पश्चात्ताप होतो. तो असा की जरा धीर धरला असता तर थोडे अधिक पैसे मोजून तीच माणसे दारात विकत मिळाली असती. बापाची आज्ञा मोडल्याचे पाप तो आयुष्यभर उगाळतो. माणूस विकल्याचे पाप त्याच्या हिशेबात येत नाही.

आणि हिशेब तर तो फार काटेकोर ठेवतो. बेटावर आल्यावर तो जमाखर्चाच्या वहीसारखे दोन रकाने पाडून एकीकडे आपल्या स्थितीतले वाईट लिहितो, दुसरीकडे चांगले. 'सकारात्मक दृष्टी'चा धडा देणाऱ्यांना हा उतारा अतिशय आवडतो. त्यात झुरी नाही. गिनीही नाही. वहीत कोणती नोंद होते यापेक्षा कोणती होत नाही, हे विचारायला शिकवणे हेच आपल्या विषयाचे काम नव्हे काय?

आता 'स्वावलंबना'कडे वळू. माझ्या वर्गातली बरीच मुले त्यांच्या घराण्यातून कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुले आहेत. मीही तसाच चढलो. त्यांना जेव्हा सांगितले जाते की क्रूसोने एकट्याने करून दाखवले, तेव्हा न बोललेले वाक्य असे असते की तुला जमले नाही तर दोष तुझा. पण क्रूसो एकटा होता कुठे? फुटलेल्या जहाजावर डझनभर खेपा करून त्याने तांदूळ, रम, बंदुका, दारूगोळा, शिडाचे कापड आणि सुताराच्या हत्यारांची पेटी किनाऱ्यावर आणली. सोन्याने भरलेल्या जहाजापेक्षा ती पेटी त्याला मोलाची वाटली. ती हत्यारे कुणा लोहाराने घडवली होती, ते कापड कुणी विणले होते. आमच्या मुलांच्या किनाऱ्यावर कोणते जहाज फुटले होते? शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा यांना उपकार म्हणायचे आणि जहाजभर सामानाला स्वावलंबन म्हणायचे, हा दुटप्पीपणा वर्गात उघडा पडलाच पाहिजे.

याचा अर्थ कादंबरी फेकून द्यावी असा मुळीच नाही. श्रमाचे इतके प्रामाणिक वर्णन त्या काळच्या साहित्यात क्वचितच सापडेल. एका फळीसाठी क्रूसोला बेचाळीस दिवस लागतात. महिनोन्महिने खपून कोरलेली होडी इतकी जड होते की ती पाण्यापर्यंत नेताच येत नाही. भाकरीसारख्या साध्या गोष्टीमागे नांगर, जाते, चाळण, भट्टी अशी किती कामे दडलेली असतात, हे पाहून तो चकित होतो. आयते खाणाऱ्या वर्गातल्या माणसाला श्रमाचा लागलेला हा शोध आहे आणि डिफोने तो साध्या, रोकड्या भाषेत लिहिला आहे. पण हा शोध आम्हांला नवा नाही. क्रूसो मडकी भाजतो, लाकूड तासतो, कातडी वाळवून कपडे आणि छत्री शिवतो. हीच कामे करणाऱ्याला आपल्या गावात कुंभार, सुतार, ढोर, चांभार म्हणत आले आणि कातड्याला हात लावणाऱ्याला तर शिवूनही घेतले नाही. तेच काम करून क्रूसो उद्यमशील ठरतो आणि आमचा बाप हीन ठरतो, तर मग भेद श्रमात आहे की श्रम करणाऱ्याच्या जागेत? हा प्रश्न पुस्तकातूनच निघतो, बाहेरून आणावा लागत नाही.

फ्रायडेचे प्रकरण तर शिक्षकाने आरशासारखे वाचावे. या माणसाला स्वतःचे नाव असेल, असे क्रूसोला सुचतही नाही. शुक्रवारी वाचवला म्हणून त्याचे नाव फ्रायडे. सोमा, मंगळ्या, बुध्या ही नावे ज्यांच्या घरात आहेत, त्यांना वारावरून ठेवलेले नाव परके नाही. परका आहे तो नाव न विचारणारा. फ्रायडेला आधी हे नाव शिकवले जाते आणि त्यामागोमाग 'मास्टर' हा शब्द. तोच शब्द आपल्याकडे 'मास्तर' होऊन शाळेत आला, हे आपण मास्तरांनी विसरू नये. पुढे क्रूसो त्याला धर्म शिकवू लागतो, तेव्हा फ्रायडे विचारतो की देव सैतानाहून बलवान असेल तर तो सैतानाला मारून का टाकत नाही? क्रूसो ऐकू न आल्याचे सोंग करतो आणि शेवटी त्याला काहीतरी निमित्ताने बाहेर पाठवतो. संपूर्ण कादंबरीतला हा सर्वांत खरा शिक्षणाचा प्रसंग आहे. असा प्रश्न आला की तास संपवणारे शिक्षण फ्रायडे घडवू शकते, नागरिक घडवू शकत नाही.

मग आपण म्हणायचे का, की आम्ही फ्रायडे आहोत? हे नाते खरे आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केले; १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले; १९७२ साली आपल्या तरुणांनी संघटनेचे नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. पण एवढ्यावर थांबणे सोपे आहे. अवघड प्रश्न झुरीचा आहे. गुलामी भोगल्याने माणूस आपोआप गुलामीचा शत्रू होत नाही, हे डिफोने, कदाचित त्याच्या नकळत, लिहून ठेवले आहे. दोन वर्षांच्या गुलामीतून क्रूसो इतकेच शिकला की पुढच्या वेळी आपण मालकाच्या बाजूला असावे. १९५६ साली आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी खंत बोलून दाखवली, तिचे मूळ याहून वेगळे काय होते? ज्या वस्तीच्या खांद्यावर पाय देऊन आपण होडीत चढलो, त्या वस्तीतला पोरगा आज आपल्या लेखी कुठे आहे? बदलीसाठी, बढतीसाठी, एखाद्या समितीवरच्या खुर्चीसाठी आपण त्याला किती तुकड्यांना देतो?

म्हणून कादंबरी शिकवावी, पण पहिल्या पानापासून. विद्यार्थ्यांना धडे शोधायला न लावता माणसे मोजायला लावावीत : पुस्तकात कोण कोण आहे, कोणाला नाव आहे, कोणाला मजुरी आहे, कोण कुठे नाहीसा झाला. झुरी विकला गेल्यावर पुढे काय झाला, हे कादंबरी सांगत नाही. दहा वर्षांनी त्याला मोकळे केले की नाही, हेही कळत नाही. क्रूसो मात्र अठ्ठावीस वर्षे, दोन महिने आणि एकोणीस दिवसांनी बेट सोडतो, पाच हजारांहून अधिक पौंडांचा धनी होतो आणि ज्या कप्तानाला त्याने झुरी दिला त्याला कृतज्ञतेने वर्षासन बांधून देतो. झुरीची चौकशी करीत नाही. ती चौकशी करायला वर्गातल्या एखाद्या मुलीने हात वर केला, तर त्या दिवशी तास लवकर संपवू नये.