‘खोली’ ह्या संज्ञेची संदिग्धता

आपल्या चित्रपटसमीक्षेत ‘दृश्याला खोली आहे’ हे विधान इतक्या सैलपणे केले जाते की, खोली नेमकी कशाची, हा प्रश्न उपस्थितच होत नाही. देखाव्याची, भिंगाची, की आशयाची? (मुंबईकरास ‘खोली’ म्हणताच आधी भाड्याची खोली आठवते, हा भाग निराळा.)

ज्या संस्थेचा स्टुडिओ चेंबूर येथे होता, त्या आर. के. च्या ‘आवारा’ (१९५१) ह्या चित्रपटातील स्वप्नदृश्य पाहावे. ढगांसारखा धूर, वर चढत जाणाऱ्या पायऱ्या, प्रचंड मूर्ती. येथे जाणवणारी खोली मुख्यतः यथादर्शनाची आहे, आणि तिचे श्रेय कलादिग्दर्शक एम. आर. आचरेकर ह्या चित्रकाराकडे जाते. त्या अवकाशातील काय सुस्पष्ट ठेवावयाचे, हा विचार छायालेखक राधू कर्मकार यांचा. दोहोंना एकच शब्द लावला की एकाचे श्रेय दुसऱ्याच्या नावे जमा होते. माझा आक्षेप आहे तो ह्याच ठिकाणी.

भिंगाच्या संदर्भात ‘खोली’ म्हणजे फोकसच्या प्रतलापुढील व मागील तो पल्ला, ज्यातील अस्पष्टता डोळ्यास खुपत नाही. काटेकोर अर्थाने सुस्पष्ट असते ते एकच प्रतल. पाठ्यपुस्तकांतील ‘नाभीय अंतर’ हा भिंगाचा गुण होय. फोकसचे अंतर ही मात्र छायालेखकाची निवड. ५० मिमी. नाभीय अंतराचे भिंग, छिद्रांक ८ आणि ३ मीटरवर फोकस असता, ०.०३ मिमी. व्यासाचा अस्पष्ट ठिपका ग्राह्य मानल्यास हा पल्ला सुमारे २.३ ते ४.२ मीटर येतो. फोकस दीड मीटरवर आणताच तो जेमतेम ४३ सेंटिमीटर उरतो: अंतर निम्मे, पल्ला चतुर्थांशाहून कमी.

परंतु खरा मुद्दा त्या ०.०३ मध्ये आहे. तो आकडा भिंगाने दिलेला नाही. तो संकेत आहे. तेच चित्र दुप्पट मोठे करून तितक्याच अंतरावरून पाहिले, तर ग्राह्य ठिपका ०.०१५ वर येतो आणि पहिल्या उदाहरणातील पल्ला २.६ ते ३.५ मीटर एवढाच राहतो. चित्रात तर काहीच बदललेले नसते! भाषाशास्त्राच्या अभ्यासकास येथे स्वनिमाची आठवण व्हावी. ‘प’ आणि ‘ब’ यांच्या दरम्यान ध्वनी अखंड बदलत जातो. सीमा आखतो तो श्रोता. मात्र हे साम्य फार ताणू नये, कारण स्वनिमाची सीमा भाषकसमाजाने ठरविलेली असते, तर ही सीमा प्रेक्षक खुर्ची बदलताच सरकते.

यास्तव ‘क्षेत्राची खोली’ ह्या शब्दशः रूपापेक्षा ‘स्पष्टतेचा पल्ला’ ही संज्ञा मला अधिक निर्दोष वाटते. ‘खोली’ यथादर्शनासाठी राखून ठेवता येईल.

चेंबूरच्या त्या स्टुडिओस २०१७ मध्ये आग लागली आणि २०१९ मध्ये ती जागा विकली गेली. आता अभ्यासाला चित्रपट तेवढा उरला आहे, आणि विद्यार्थी तो बहुधा हातातील भ्रमणध्वनीवर पाहतात. चित्रगृहातील पडद्याहून तेथे चित्र डोळ्यास लहान दिसते, म्हणून पल्ला वाढलेला भासतो. प्रबंधात ‘सर्व काही सुस्पष्ट आहे’ असे लिहिताना ते कोणत्या पडद्यावर पाहिले, याची नोंद मी तरी मागतो.