रॅपरच्या मागे बसलेला माणूस

२०१९ मध्ये 'गली बॉय' आला आणि रॅप म्हणजे काय, हे घरातल्या काका-मावश्यांनाही कळलं. सिनेमात गाजलेलं एक गाणं मूळचं २०१५ चं, डिव्हाइन आणि नेझीचं 'मेरे गली में'. गल्ली मुंबईची, आवाज मुंबईचे, पण बीट, म्हणजे मागचं संगीत, बनवली होती दिल्लीच्या एका पोरानं. सेझ ऑन द बीट हे त्याचं नाव. पोस्टरवर ते सहसा मोठ्या अक्षरांत दिसत नाही, पण ऐकण्यासारखे देशी हिप-हॉप आल्बम शोधायला बसलं की पुन्हापुन्हा समोर येतं.

सुरुवात प्रभ दीपच्या 'क्लास-सिख'पासून करावी (२०१७). पश्चिम दिल्लीतल्या टिळकनगरचा हा मुलगा पंजाबीत रॅप करतो, पण त्यात गाड्या नाहीत, पार्टी नाही. आहे ती नशेत वाया गेलेल्या पोरांची वस्ती. पंजाबी येत नसेल तरी अडत नाही, आवाजातला राग कळतो. पुढच्याच वर्षी आला सीधे मौत या जोडगोळीचा 'बयान', २०१९ मध्ये श्रीनगरच्या अहमरचा 'लिटल किड, बिग ड्रीम्स'. भाषा वेगळ्या, शहरं वेगळी, मागे बसलेला माणूस तोच.

त्याचं खरं काम दिसतं सीधे मौतच्याच 'नायाब'मध्ये (२०२२). 'बयान'मध्ये बीट रॅपरला ढकलत नेते. इथे ती कित्येकदा बाजूला होऊन नुसती ऐकत बसते. ड्रम मागे सरकतात, शब्दांना मोकळी जागा मिळते, आणि एरवी सुसाट सुटणारे हे दोघं चक्क थांबतात. त्यातलं 'मैना' हेडफोन लावून ऐका. फोनच्या स्पीकरवर अर्धं गाणं सांडून जातं. मग चव बदलायला त्यांची 'लंच ब्रेक' ही मिक्सटेप (२०२३). तब्बल तीस ट्रॅक! आल्बम म्हणजे पक्की वही असेल, तर मिक्सटेप म्हणजे वहीची मागची पानं. खाडाखोड, चेष्टामस्करी, मित्रांची अक्षरं. सलग ऐकायची नसतेच ती.

रॅपर आणि बीटवाल्याची अशीच जोडी तमिळमध्येही आहे. अरिवू आणि निर्माता ऑफ्रो यांचा 'तेरुक्कुरळ' (२०१९) ऐका. तिरुवळ्ळुवरांच्या 'तिरुक्कुरळ'मधल्या 'तिरु'च्या जागी 'तेरु', म्हणजे रस्ता. जातीबद्दल इतकं थेट आणि इतकं नाचरं बोलणं मी दुसरीकडे फारसं ऐकलेलं नाही.

डिव्हाइनचा 'कोहिनूर' (२०१९) चुकवू नये, पण माझ्या मते त्यातली तीन-चार गाणी अस्सल, बाकी भरती.

या सगळ्याला छेद देणारा एक आल्बम पुण्यातला आहे. ताडीवाला रोडच्या एमसी स्टॅननं 'तडीपार' (२०२०) केला तो स्वतःच्याच बीटवर. 'तडीपार' हा शब्द आपण पेपरात आतल्या पानावरच्या चार ओळींच्या बातमीत वाचतो. तो इथे 'मी' म्हणून बोलू लागतो. हिंदी त्याची पुण्याच्या वस्तीतली. बोलता बोलता 'शेमडी' म्हणतो तेव्हा आपली शेंबडी झटक्यात ओळखू येते. बायकांबद्दलची त्याची भाषा मला सहन होत नाही, आणि ती 'वस्तीचं वास्तव' म्हणून खपवूही नये. तरी आवाजाची घडण त्याची स्वतःची आहे.

मग मराठीचं काय? गळे आहेत. मुंबईच्या स्वदेशी या गटाचा एमसी मवाली आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्याबरोबर 'द वारली रिव्होल्ट' (२०१९) करतो, तेव्हा जंगलाचा विषय पोस्टरबाजीतून सुटतो. त्याच गटाचा 'चेतावनी' (२०२०) हा आल्बम मराठी वाचकानं आधी ऐकावा. अमरावतीचा १००आरबीएच याच गटातला. नाव मोठ्यानं म्हणून पाहा: शंभर म्हणजे सौ, पुढे र-भ, झालं सौरभ! वऱ्हाडी ठसक्याचा हा माणूस एका ट्रॅकमध्ये जेवढं बोलतो, तेवढ्यावर अख्खा आल्बम उभा राहील. पण मराठी रॅप अजून सुट्या गाण्यांवर जगतो. यूट्यूबवर एक येतं, रीलवर त्याचे तीस सेकंद फिरतात, मग दुसरं. एकाच रॅपरबरोबर वर्षभर खोलीत बसून, 'हे नको, पुन्हा म्हण' असं सांगणारा बीटवाला मराठीला अजून भेटायचा आहे.