अनारसा हसला

दिवाळीच्या आधी मावशीकडे अनारशांचा घाट असतो. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, पंच्यावर पसरून सुकवायचे, ओलसर आहेत तोवर दळायचे, गूळ घालून पीठ मुरू द्यायचं. एवढा आठवडाभराचा खटाटोप करून पहिला अनारसा, खसखशीची बाजू वर ठेवून, तुपात सोडला आणि तो जाळी धरायचं सोडून कढईभर पसरला. मावशी झारा तसाच हातात धरून म्हणाली, "हसला बाई!" गूळ जास्त झाला की पीठ सैल झालं, ही चौकशी नंतर.

मला ते क्रियापद फार आवडतं. अनारसा फसला, बिघडला असंही म्हणता आलं असतं. पण घरोघरी तो हसतोच. वाक्याचा कर्ता अनारसा. मावशी त्या वाक्यात कुठेच नाही. एरवी मराठीत काही चुकलं की माणसाचं हसं होतं. इथे पदार्थ स्वतःच हसून घेतो आणि करणारी सुटते. स्वयंपाकघरातल्या इतर फजित्याही अशाच. लाडू बसतो, दूध नासतं, भात गिचका होतो, दही लागतच नाही. कुणी काही केलेलं नसतं, आपापलं होतं.

हीच सवय शाळेत दिसते. 'नापास' हा शब्द तसा गमतीचा संकर: पुढचा 'ना' फारसीकडून आलेला, मागचा 'पास' इंग्रजीतून. 'अनुत्तीर्ण' त्याचा संस्कृत भाऊ. उत्तीर्ण म्हणजे पार गेलेला, तेव्हा हा अजून अलीकडच्या तीरावरच आहे. गुणपत्रिकेवर शोभणारे हे शब्द. घरात मात्र आई शेजारणीला सांगते, "त्याचं गणित राहिलं." पोरगा पुढे गेला, गणित तेवढं मागे राहिलं, जणू गाडीत चढताना पिशवी फलाटावर राहावी. राहिलेली गोष्ट परत जाऊन आणता येते, ही सोय त्या क्रियापदातच आहे. पुण्यातली इंजिनीअरिंगची मुलं गणिताच्या तिसऱ्या पेपराबद्दल "एम-थ्री निघाला का?" असं विचारतात, काटा निघावा तसा. नाही निघाला तर "केटी लागली", म्हणजे विषय मागे राहिला; ठेच लागावी तशी. काही वर्षांपूर्वी राज्य मंडळाने दहावीच्या गुणपत्रिकेवरचा अनुत्तीर्णचा शेरा काढून 'कौशल्य विकासासाठी पात्र' असं लिहायला सुरुवात केली. हेतू चांगलाच, पण शेरा वाचताना समिती डोळ्यांसमोर येते. 'राहिलं' या एका शब्दात आयांनी ते काम केव्हाच करून ठेवलं होतं.

क्रियापदं अशी मवाळ, आणि नाम? 'अपयश' उच्चारून बघा. संस्कृतात यश म्हणजे कीर्ती. अपयश म्हणजे दुष्कीर्ती. हिंदीत आजही अपयश म्हटलं की बदनामीच समजतात. मराठीने यशाचा अर्थ कीर्तीवरून कार्यसिद्धीवर आणला, त्याबरोबर अपयशही सरकलं. पण शब्दाची मूळ खोड गेलेली नाही. काम फसण्याला चार भिंती पुरतात, अपयशाला बघणारे लोक लागतात. म्हणून ते पदरात पडतं, माथी येतं, पचवावं लागतं, आणि त्याचं खापर फोडायला दुसऱ्याचं डोकं शोधावं लागतं. अनारशाला कुणी अपयश म्हणत नाही. 'फजिती' त्यातल्या त्यात हलकी, कारण ती आपली आपण सांगून हसवता येते. मूळ अरबी शब्दात मात्र चांगलीच बेअब्रू आहे.

काम फसणं वेगळं आणि अब्रू जाणं वेगळं, हे देहूच्या वाण्याला पक्कं ठाऊक होतं. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचा व्यापार बसला. आपली हकिगत सांगणाऱ्या अभंगात ते द्रव्यासाठी पाण्याचं क्रियापद वापरतात: दुष्काळाने ते आटवलं. विहीर आटावी तसा गल्ला आटला. लगेच पुढे मान गेल्याची नोंद आहे, मग बायको अन्नावाचून गेल्याची आणि मग लाजेची. धंद्यातली तूट वेगळी सांगितली आहे. आर्थिक नुकसान, अब्रू, घरातला मृत्यू आणि मनाची लाज ही चार वेगवेगळी खाती त्यांनी एकमेकांत मिसळू दिली नाहीत. आपण ती सगळी 'अपयश' या एकाच खात्यावर टाकतो आणि मग हिशेब लागत नाही. आणखी एक बारकावा: आटवणारा कोण, हे तुकोबा सांगतात. दुष्काळ.

हा बारकावा महत्त्वाचा, कारण मवाळ क्रियापदांची दुसरी बाजू तिथेच आहे. मराठीत पराभवाची क्रियापदं बहुधा जोडीने नांदतात. पडणे आणि पाडणे, बुडणे आणि बुडवणे, फसणे आणि फसवणे. निवडणुकीत उमेदवार पडतो. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर अनामतही जाते. पण पारावर बसलेली माणसं 'पडला' म्हणून थांबत नाहीत. "पाडला," म्हणतात आणि कुणी पाडला त्याची नावं घेतात. राजकारणात आपली भाषा अशी चोख चालते.

पैशाच्या बाबतीत तीच भाषा डोळे मिटते. हप्ता 'थकतो'. दमला बिचारा! नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकला की बँकेच्या कागदावर कर्ज 'अनुत्पादक' होतं, म्हणजे भाकड गाय. मग एक दिवस बँक 'बुडते'. आमच्या शेजारच्या आजोबांची निवृत्तीनंतरची ठेव अशाच एका सहकारी बँकेत होती. शटरवर नोटीस लागली त्या दिवशी रांगेत सगळे एकच म्हणत होते, "बँक बुडाली हो." जणू नदीला पूर आला होता. आजोबा मराठीचे शिक्षक. ते शांतपणे म्हणाले, "बुडाली नाही, बुडवली." रांगेतली कुजबुज थांबली. मग एकाने विचारलं, "कुणी?"

अनारसा हसू दे, गणित राहू दे; तिथे कर्ता शोधायची काही गरज नाही. पण पुढच्या वेळी वर्तमानपत्रात पतसंस्था बुडाल्याची, योजना फसल्याची किंवा पूल पडल्याची बातमी दिसली, तर ती एकदा क्रियापद प्रयोजक करून वाचा.