ऱ्हासाचा दोष जमिनीवर

डेव्हिड रिकार्डोचे नाव निघाले की आपल्या मंडळींना अभिमान वाटतो. १७७२ साली लंडनमधील पोर्तुगीज यहुदी घराण्यात तो जन्मला. अभिमान जरूर असावा. परंतु देशांच्या चढउताराविषयी त्याने व त्याच्या काळच्या अर्थशास्त्र्यांनी जे लिहिले, ते आम्हाला अर्धेच पटते.

ॲडम स्मिथने १७७६ च्या ग्रंथात देशांच्या तीन अवस्था सांगितल्या: वाढती, थांबलेली आणि उतरती. उत्तर अमेरिका वाढती, चीन थांबलेला, आणि उतरतीचे उदाहरण म्हणून बंगाल! तिथली जमीन सुपीक, तरी माणसे उपासमारीने मरतात. याचे कारण स्मिथ आभाळात शोधत नाही. कंपनीच्या जुलमी कारभारावर बोट ठेवतो.

पुढच्या पिढीत सूर बदलला. माल्थसने १७९८ साली लोकसंख्येचा बागुलबुवा उभा केला. रिकार्डोने १८१७ साली हिशेब मांडला: खाणारी तोंडे वाढली की हलकी जमीन नांगराखाली येते, धान्य महागते, मजुरी चढते, नफा घटतो, आणि चांगल्या जमिनीचा मालक बसल्या जागी गब्बर होतो. शेवटी वाढच थांबते. हिशेब पक्का आहे. स्वतः जमीनदार होऊनही त्याने जमीनदारांच्या सोयीच्या धान्यकायद्याविरुद्ध लिहिले, हा त्याचा प्रामाणिकपणा. पण स्मिथकडे ऱ्हासाला कोणी कर्ता होता, तो इथे दिसेनासा झाला. दोष गेला जमिनीवर आणि गरिबाच्या लेकुरवाळ्या घरावर. (कंपनीच्याच नोकरीतल्या जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ साली या थांबण्याचे स्वागत केले, तो विषय निराळा.)

वाचकहो, हा खंडाचा सिद्धांत पुणे जिल्ह्यातही येऊन पोहोचला. माल्थस ज्या हेलीबरीच्या कॉलेजात शिकवी, तिथे शिकलेल्या प्रिंगलसाहेबाने १८३० च्या सुमारास जमिनीची प्रतवारी लावून निव्वळ उत्पन्न काढले आणि त्याचे ५५ टक्के सरकारसारा ठरवला. मोजणी सदोष, आकडे अवाच्या सवा, त्यात धान्याचे भाव पडलेले. इंदापूरकडचे कुणबी जमिनी टाकून निघून गेले. सारा, तगादा, पडीक रान, हे शब्द कोकणातून आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगायला नकोत.

१८३५ नंतर विंगेट व गोल्डस्मिड यांनी निव्वळ उत्पन्नाचे गणित बाजूला ठेवले आणि सारा उतरवला. टाकलेल्या त्याच जमिनींत पुन्हा नांगर चालू लागले.