भेगांची भाषा : आल्बेर्तो बुर्री यांची चित्रकला

वैशाखात भाताच्या खाचरांना भेगा पडतात. त्या पाहून आपल्याला पावसाची आठवण होते, चित्राची क्वचितच. इटालियन चित्रकार आल्बेर्तो बुर्री (१९१५-१९९५) यांनी मात्र भेग हाच आपल्या चित्राचा विषय केला आणि तेच साधनही.

बुर्री मूळचे डॉक्टर. १९४३ साली ते ट्युनिशियात युद्धकैदी झाले आणि टेक्सासमधील छावणीत त्यांनी कुंचला हाती घेतला. मायदेशी परतल्यावर त्यांनी फाटकी गोणपाटे शिवून, लाकूड व प्लास्टिक जाळून चित्रे घडविली. त्या शिवणीत अनेकांना जखमेचे टाके दिसले. हा अर्थ आम्हांला चुकीचा वाटत नाही, परंतु तो फार सहज हाती लागतो.

१९७० च्या दशकातील 'क्रेत्ती', म्हणजे भेगांची चित्रे, आम्ही अधिक श्रेष्ठ मानतो. कॅलिफोर्नियातील 'डेथ व्हॅली' या वाळवंटी खोऱ्यातील तडकलेली भूमी ही त्यांची प्रेरणा. पांढरा रंग, चिनी माती आणि डिंक यांचा जाड लेप फळीवर द्यायचा. तो वाळताना आकसतो आणि तडकतो. थर जाड तर भेगा रुंद, पातळ तर त्यांचे बारीक जाळे. थर किती द्यावा हे कलावंत ठरवितो, पुढे मात्र त्याला वाट पाहावी लागते. गोणपाटांत त्याची सुई बोलते, इथे तो निसर्गाला बोलू देतो. हा संयमच या चित्रांचे बळ आहे.

जानेवारी १९६८ च्या भूकंपात सिसिलीतील गिबेल्लिना हे गाव उद्ध्वस्त झाले. नवे गाव दूर वसले. जुन्या गावाचे ढिगारे बुर्रींनी पांढऱ्या काँक्रीटखाली झाकले आणि मधल्या भेगा चालण्यासाठी मोकळ्या ठेवल्या. १९८४ मध्ये आरंभिलेले, १९८९ मध्ये थांबलेले हे काम २०१५ साली पूर्ण झाले. सुमारे ऐंशी हजार चौरस मीटरांचे हे कफनच!

येथे आमचे मन अडखळते. या भेगा आपोआप पडलेल्या नाहीत. त्या आखलेल्या आहेत. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत ती केवळ देखणी नक्षी दिसते. जिचा पाळणा, जिची भांडी त्या काँक्रीटखाली गेली, त्या माउलीला हे सौंदर्य थंड वाटले तर तिला दोष कोण देईल? ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी ज्यांना आठवते, ते तरी देणार नाहीत.

तथापि, या ठोकळ्यांची उंची सुमारे दीड मीटरच आहे. वाटेने जाणाऱ्याचे डोके भिंतींच्या वर राहते. त्याला डोंगर दिसतो, आकाश दिसते, आणि पाय मात्र तेथे असतात जेथे एके काळी शेजाऱ्यांची दारे होती. दफनभूमीतही आपण असेच चालतो. म्हणून ही कृती वरून पाहून नव्हे, चालून जोखावी, असे आमचे मत आहे. बुर्रींनी गाव झाकले, पण भेग बुजविली नाही. दुःखाचा मान राखण्याची रीत त्यांना ठाऊक होती.