ओवी सासरी कशी जाते?

मागे चँडलरमध्ये एका मराठी घरी व्याख्यान होतं. विषय होता कला, सामूहिक चेतना आणि क्वांटम फिजिक्स. समोर तीसेक जण, त्यातले निम्मे चिपच्या कारखान्यांत काम करणारे. वक्ते बोलत छान होते. त्यांचा मुद्दा असा: जात्यावरची एखादी ओवी थोड्याफार फरकाने पार लांबलांबच्या गावांत सापडते. तिथल्या बायका एकमेकींना कधी भेटलेल्याही नसतात. मग ओवी पोचते कशी? तर कला एकट्याच्या डोक्यात जन्मतच नाही, ती सामूहिक चेतनेत जन्मते. आणि दोन कण जसे कितीही दूर असले तरी ‘एन्टँगल्ड’ असतात, तशीच माणसांची मनंही जोडलेली असतात. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, आणि घरी जाताना गाडीत स्वतःवरच चिडले.

कारण प्रश्न खरंच चांगला होता. काही लिहिताना, चाल लावताना ‘हे मला सुचलं कुठून?’ असं आपल्यालाही वाटतं. आपण एकट्याने केलेलं नाही, ही जाणीव खोटी नसते. पण चांगल्या प्रश्नावर असं उत्तर ठेवलं की प्रश्न विचारणंच थांबतं. माझी तक्रार तेवढीच आहे.

आधी क्वांटमचं बघू. त्यासाठी चँडलरसारखी जागा नाही. इंटेलची फॅब ३२ इथेच २००७ मध्ये सुरू झाली, ४५ नॅनोमीटरच्या चिप मोठ्या प्रमाणावर बनवायला. त्याआधीच्या ट्रान्झिस्टरमध्ये सिलिकॉन डायऑक्साइडचा इन्सुलेटर पातळ होत होत साधारण १.२ नॅनोमीटरवर आला होता, म्हणजे जेमतेम पाच अणूंची जाडी. एवढ्या पातळ भिंतीतून इलेक्ट्रॉन सरळ पलीकडे जातात. यालाच टनेलिंग म्हणतात. करंट गळायला लागला, चिप तापायला लागली. उपाय म्हणून हाफ्नियम असलेला दुसरा पदार्थ आणला: थर जाड, पण विजेच्या दृष्टीने काम पातळ थराचं. यात गूढ भरपूर आहे, पण ते मोजलेलं गूढ आहे. थर किती जाड केला की गळती किती कमी होईल, हे आधी सांगता येतं. ‘क्वांटममुळे’ असं म्हणायचा हक्क या हिशोबातून मिळतो. व्याख्यानात हा हिशोब कुठेच नव्हता. श्रोत्यांतले काही जण दिवसभर तोच करून आले होते, तरी कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

आता एन्टँगलमेंट. ती खरी आहे. २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिच्यावरच्या प्रयोगांना मिळालं. पण वक्त्यांनी सोडलेली गोष्ट अशी की एन्टँगलमेंटने निरोप पाठवता येत नाही. माझ्याकडच्या कणाची मोजणी केली तर मला फक्त एक बेभरवशाचा आकडा दिसतो. तुमच्या आकड्यांशी त्याचा मेळ बसतो की नाही, हे दोन्ही याद्या शेजारी ठेवल्यावरच कळतं. आणि त्या याद्या आणायच्या नेहमीच्याच मार्गाने, फोन करून किंवा ईमेलने. ओवी म्हणजे शब्द आणि चाल, म्हणजे निरोपच. नेमका तोच या रस्त्याने जात नाही.

‘पण मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा म्हणतात ना’, असं कुणी म्हणेल. म्हणतात, आणि तेही इथून दीडेक तासावर. टूसॉनला अॅरिझोना विद्यापीठात १९९४ पासून जाणिवेच्या विज्ञानावर परिषदा होत आल्या आहेत. तिथले भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ आणि गणिती रॉजर पेनरोज यांनी मांडलं, की मेंदूतल्या पेशींच्या मायक्रोट्यूब्यूल्समध्ये क्वांटम प्रक्रिया होतात आणि जाणीव त्यातून येते. २००० मध्ये मॅक्स टेगमार्क यांनी हिशोब केला: मेंदूच्या उबेत आणि गजबजाटात अशी अवस्था फार तर सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागापर्यंत टिकेल, आणि मज्जापेशींचं काम तर हजारांश सेकंदांत चालतं. हॅमरॉफ यांच्या बाजूने तो हिशोब खोडून काढायचा प्रयत्न झाला. वाद जिवंत आहे, आणि वाद आकड्यांवर चालतो म्हणून मला त्याबद्दल आदर आहे. पण उद्या पेनरोज-हॅमरॉफ पूर्ण बरोबर ठरले, तरी त्यांचं म्हणणं एका मेंदूच्या आतलं आहे. दोन गावांतल्या दोन बायकांना त्याने जोडता येत नाही.

मग ओवी पोचते कशी? याचं उत्तर शोधायला लोकांनी आयुष्यं घातली आहेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावी जाऊन एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, २०१७ पासून त्या टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध करतंय. त्या वाचताना, ऐकताना दिसतं की ओवीचा रस्ता अगदी ओळखीचा आहे. मुलगी आईजवळ बसून दळायला शिकते, तेव्हा चाल आणि शब्द अंगात मुरतात. मग तिचं लग्न होतं, तेही बहुतेक दुसऱ्या गावात. भांड्यांबरोबर ओव्याही जातात. सासरी जात्याच्या खुंट्याला समोरून हात लावायला जाऊ किंवा नणंद असते. एक ओळ हिची, पुढची तिची. माहेरची ओवी सासरच्या नावांत बसवली जाते, भावाच्या जागी दीर येतो, नदीचं नाव बदलतं. वारी, जत्रा, आठवड्याचा बाजार हे आणखी रस्ते. लांबच्या दोन गावांत एकच ओवी सापडते ती अशी. मधे पिढ्यान्‌पिढ्यांच्या लेकी आहेत.

याची एक कसोटीही आहे. विजेवरची पिठाची गिरणी आली आणि गावागावातलं जातं थांबलं. बायकांचे कष्ट वाचले, ते बरंच झालं. पण जात्याबरोबर पहाटेचं गाणंही ओसरलं. ओव्या जर विश्वव्यापी चेतनेतून येत असत्या, तर गिरणीने त्यांचं काय बिघडवलं असतं?

‘सामूहिक चेतना’ हा शब्द मला टाकायचा नाही. समाजशास्त्रात तो एमिल दुर्खीम यांनी १८९३ मध्ये वापरला, आणि तिथे ती चेतना आभाळातून येत नाही. माणसं एकत्र जगतात, त्यातून ती घडते. दिंडीत टाळ धरलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि सामूहिक म्हणजे निनावी असंही नाही. पारीवर ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव, जात दिलेली असते. हे महत्त्वाचं आहे, कारण बाबासाहेबांवरची ओवी कोणत्या घरातून आली हे कळल्याशिवाय ती पुरती कळत नाही. तुकोबांनीही कवित्वाचं श्रेय स्वतःकडे ठेवलं नाही, पण देताना पत्ता नीट दिला: स्वप्नात पांडुरंगाबरोबर नामदेव आले. नाव असलेला, आधी होऊन गेलेला कवी. ‘क्वांटम चेतना’ म्हटलं की हे सगळे पत्ते पुसले जातात. सून, जाऊ, नणंद, त्यांचे दुखरे खांदे, सगळं एका चकचकीत शब्दाखाली जातं.

आपल्यासारख्या दूर राहणाऱ्यांना तो शब्द आवडतो, याचं कारणही मला माझ्यातच सापडलं. चेतना सगळीकडे असेल तर आपल्याला काही करावं लागत नाही. चँडलरमध्ये बसूनही आपण जोडलेलेच.

व्याख्यानानंतर मी एका दुपारी साडेतीनला आजीला फोन केला. तिकडे पहाटेचे चार, तिची दळायची जुनी वेळ. अजूनही तेव्हाच उठते. म्हटलं, एखादी ओवी म्हण. तिने पहिली ओळ म्हटली आणि थांबली. म्हणाली, “पुढची माझी नव्हती गं. ती नणंद म्हणायची.”

नणंद आता नाही. ती ओळ अजून कुणाला येते का, हे आम्ही दोघी मिळून शोधतोय. आतापर्यंत चार फोन झाले.