धर्मानंदांचा ‘भगवान बुद्ध’

दशावताराच्या ओळीत बुद्धाची मूर्ती आम्ही पिढ्यान् पिढ्या पाहत आलो. कित्येक जुन्या चित्रांत तर त्याच्या जागी विठोबाच काढलेला आढळतो. परंतु नृसिंहाने प्रल्हादास तारले हे जसे पोरासोरांस ठाऊक असते, तसे या नवव्या अवताराने काय केले हे वडीलधाऱ्यांसही सांगता येत नाही. ही उणीव ज्या मराठी ग्रंथाने मुळापासून भरून काढली, त्याचा कर्ता साखवाळचा. ज्या गावचा लक्ष्मीनृसिंह सोळाव्या शतकात वेलिंगास न्यावा लागला, त्याच गावी १८७६ साली धर्मानंद कोसंबी जन्मले. १८९९ च्या अखेरीस घर सोडून पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे हिंडत ते १९०२ साली सिंहलद्वीपास पोहोचले व तेथे पाली शिकले. १९४०-४१ मध्ये दोन भागांत निघालेला ‘भगवान बुद्ध’ हे त्या वणवणीचे पक्व फळ होय.

म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दृष्टीस पडल्यामुळे राजपुत्र मध्यरात्री गुपचूप निघून गेला, ही कथा कोणास ठाऊक नाही? धर्मानंद ती नाकारतात. दीघनिकायातील महापदानसुत्तात ही कथा विपस्सी नामक पूर्वीच्या बुद्धाची आहे. ती मागाहून गोतमाच्या अंगावर चढविली गेली, असे ते दाखवितात. मज्झिमनिकायात तर बुद्ध स्वतःच सांगतात की, आईबाप डोळ्यांतून अश्रू गाळीत असता आपण गृहत्याग केला. मग मध्यरात्रीचा घोडा कोठला? शुद्धोदनही चक्रवर्ती नव्हे, शेती करणाऱ्या शाक्यांपैकी एक. जुने सुत्त आणि नंतरची रचना यांतील हा विवेक ग्रंथाचे खरे बळ आहे, आणि तो आमच्या पुराणांसही लावून पाहण्याजोगा आहे.

मग गृहत्याग का? सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताकडे लेखक बोट दाखवितात. थोड्या पाण्यातील माशांप्रमाणे माणसे एकमेकांविरुद्ध तडफडताना पाहून बोधिसत्त्वास भय वाटले, असे तेथे आहे. त्याच्याशी ते शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणीच्या पाण्याचा तंटा जोडतात. येथे आमचा मतभेद आहे. सुत्ताच्या गाथांत रोहिणीचे नावही नाही. अट्ठकथा हे सुत्त त्या तंट्याशी जोडते हे खरे. पण तेथे तो तंटा बुद्धत्वानंतरचा असून स्वतः बुद्धच तो मिटवितात. चार दृश्यांची कथा उत्तरकालीन म्हणून टाकावयाची आणि रोहिणी मात्र त्याच थरातून उचलून आपल्या सोयीच्या काळी बसवावयाची, हे त्यांच्याच कसोटीस उतरत नाही. शस्त्राचे भय हे कारण मात्र टिकते, कारण ते गाथांतच आहे. हा वाद केवळ पंडितांचा राहिलेला नाही. डॉ. आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही गृहत्यागाच्या मुळाशी रोहिणीच आहे, आणि १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेनंतर लक्षावधी मराठी घरांत बुद्धचरित्र याच रूपाने सांगितले जाते.

‘आर्यांचा जय’ हे पहिले प्रकरण आम्हांस सर्वांत दुबळे वाटले. इंद्राविषयीचे त्यातील तर्क लेखकाच्या पालीवरील अधिकाराबाहेरचे आहेत. उलट ‘यज्ञयाग’ व ‘जातिभेद’ ही प्रकरणे देवस्थानाच्या मंडळींस बोचतील, तरीही ती टाळू नयेत. तेथे लेखक साधारणतः आपल्या आधारांना धरून चालतात. भाषा साधी, अलंकाराला जवळजवळ पारखी. शाळेत फार न शिकलेल्या माणसाची ही मराठी पुष्कळ पदवीधरांनी गिरवावी अशी आहे!

सर्वांत सुंदर ‘दिनचर्या’ हे शेवटचे प्रकरण. भिक्षाटन, एकवार भोजन, ध्यान, लोकांशी संभाषण, पावसाळ्यात एके ठिकाणी वर्षावास आणि उरलेले आठ महिने चालणे. धर्म पसरला तो या पायांनी, हे येथे वाचताना उमगते. पुण्ण भिक्षू सुनापरान्तात जाण्याची परवानगी मागतो तेव्हा बुद्ध विचारतात, तेथील लोक तापट, त्यांनी शिव्या दिल्या तर? हात टाकला तर? जीव घेतला तर? प्रत्येक वेळी पुण्णाचे उत्तर शांत आहे. हा सुनापरान्त म्हणजे आमच्याच किनाऱ्यावरील सोपाऱ्याचा मुलूख, असे अनेक अभ्यासक मानतात. आणि १९३० साली फादर हेरास यांस बार्देशात कोलवाळच्या मुशीर वाड्यावर जी बुद्धमूर्ती सापडली, ती तर साखवाळहून फार दूर नव्हती.